माशांची खोली : संप टाकीखाली ठेवावा की ड्राय बाल्कनीत? कॅबिनेट कशाचं करावं?

शिंपला

नमस्कार मंडळी,

पुण्यात तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. त्यातली दहा बाय नऊची खोली माशांना द्यायची असं घरात एकमताने ठरलंय. गोड्या पाण्याची तीन फुटी टाकी बरीच वर्षं सांभाळली. आता खाऱ्या पाण्याची ४ x २ x २ फुटी करतेय. फक्त मासे आणि खडक, प्रवाळ नाही. काच १२ मिमी, मागच्या बाजूला ओव्हरफ्लो बॉक्स (वरचं जादा पाणी ज्यातून खाली उतरतं तो कप्पा). संप, म्हणजे ते पाणी जिथे गाळलं जातं आणि पंपाने परत वर जातं ती दुसरी टाकी, ३६ x १६ x १६ इंची.

अडलंय ते संप कुठे ठेवावा यावर. एक पर्याय नेहमीचा, टाकीच्या खाली कॅबिनेटमध्ये. दुसरा असा की या खोलीच्या भिंतीपलीकडेच ड्राय बाल्कनी आहे. तिथे नळ आहे, नहाणी ट्रॅप आहे, सांडलं तरी पाण्याला वाट आहे. भिंतीला कोअर कटिंग करून (मशीनने गोल भोक पाडून) पाइप पलीकडे न्यायचे, म्हणजे खोलीत आवाज नाही, ओल नाही. मला दुसरा पर्याय जास्त पटतोय.

सुतार पुढच्या आठवड्यात मापं घ्यायला येतोय. एमडीएफवर सुंदर फिनिश देतो म्हणतो. त्याआधी तुमचे अनुभव हवेत.

सुतारपक्षी

ताई, बाकीचं नंतर बोलू, आधी एमडीएफ (लाकडाचा लगदा दाबून केलेला बोर्ड) रद्द करा. एकदा कडेतून पाणी शिरलं की तो फुगतो आणि पुन्हा मूळ मापावर येत नाही. पार्टिकल बोर्डाचंही तेच.

कट्टाकरी

धागा छान. फोटो टाकत राहा. एक संपूर्ण खोली माशांना देणारं घर पाहायला आवडेल!

खाडीकाठ

ठाण्यात खाऱ्या पाण्याची टाकी बाळगून आहे, संप ड्राय बाल्कनीतच आहे. माझं मत ठामपणे बाल्कनीच्या बाजूने.

१. स्किमरचा (फेसातून पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राचा) कप रिकामा करणं, फिल्टर सॉक (गाळणीची पिशवी) धुणं, मिठाचं पाणी कालवणं ही सगळी ओली कामं आहेत आणि ती नळाशेजारीच सोपी होतात. खाली वाकून कॅबिनेटमध्ये डोकं घालून ही कामं करणारा माणूस हळूहळू ती टाळायला लागतो, आणि त्याचा परिणाम माशांवर दिसतो.
२. पंपाची उष्णता खोलीबाहेर राहते.
३. आवाज. खोलीत बसलं की फक्त पाणी हलताना दिसतं.

माझ्याकडे टाकी भिंतीला लागून आहे. दोन ड्रेन (पाणी संपात उतरवणारे) आणि एक रिटर्न (पंपाने परत वर नेणारा), असे तीन पाइप आरपार गेलेत.

पाणसळ

सिव्हिलमधला आहे, म्हणून वजनापासून सुरुवात करतो. टाकीत वापरातलं पाणी साधारण ४०० लिटर, संपात ८५ च्या आसपास, टाकीची काच ९० किलोच्या घरात, संपाची काच ३५ ते ४०, वर खडक आणि स्टँड. एकूण ७०० ते ७५० किलो, आणि हे सगळं आठ चौरस फुटांवर. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात राहत्या खोलीसाठी धरलेला चलभार (माणसं-सामानाचा भार) २ किलोन्यूटन प्रति चौ.मी., म्हणजे ढोबळमानाने २०० किलो. टाकीच्या बुडाखाली येतो त्याच्या पाचपट.

लगेच घाबरून जाऊ नका. स्लॅब एकेक चौरस फूट सुटा सुटा भार घेत नाही, बाकीची खोली मोकळी असली की त्याचा फायदा मिळतो. पण टाकी कुठे ठेवता याने फार फरक पडतो. खोलीच्या मधोमध सर्वांत वाईट. बीम असलेल्या भिंतीला लांब बाजू टेकवून, आणि जमल्यास कॉलमजवळच्या कोपऱ्यात, ही चांगली जागा. इमारतीचे स्ट्रक्चरल ड्रॉइंग सोसायटीकडे असतात. ते घेऊन स्ट्रक्चरल इंजिनिअरला जागेवर आणा. ही फी वाचवू नका.

बाल्कनीबद्दल : भिंतीत भोक पाडण्याआधी ती नुसती विटांची आहे की आत बीम-कॉलम आहे ते नक्की करा. आरसीसीला कोअर कटिंगचं मशीन लावायचंच नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. शिवाय बाल्कनीचा स्लॅब बऱ्याच इमारतींत कँटिलिव्हर (एकाच बाजूने आधार असलेला) असतो, तिथे आधीच वॉशिंग मशीन आणि पिंप आहे का?

शिंपला

@पाणसळ, मनापासून आभार. ड्रॉइंग मागवते. हो, वॉशिंग मशीन तिथेच आहे. भिंत चार इंची विटांची आहे असं बिल्डरच्या माणसाने सांगितलं होतं, तरी तपासून घेते.

@सुतारपक्षी, मग काय वापरू?

सुतारपक्षी

माझं काम किचन ट्रॉली आणि फर्निचरचं, टाक्यांची स्टँड मागणीप्रमाणे करतो. माझा नियम साधा : वजन लोखंडाने घ्यावं, लाकडाने फक्त झाकावं.

स्टँड एमएस (साध्या लोखंडी) स्क्वेअर पाइपचं. ४ फुटी टाकीला ५० x ५० मिमी, जाडी ३ मिमी, समोर मधला खांब न देता. हा मधला खांब हीच मोठी अडचण असते. फॅब्रिकेटर सवयीने तो टाकून देतात, आणि मग ३६ इंची संप समोरून आत जात नाही. काही जण आधी संप आत ठेवून मग वर टाकी चढवतात. पुढे संपाचा एखादा जोड सुटला तर वरची टाकी पूर्ण रिकामी करून उतरवावी लागते. म्हणून टाकी न हलवता संप बाहेर आला पाहिजे, ही अट फॅब्रिकेटरला कागदावर लिहून द्या. मधल्या खांबाशिवाय वरची पट्टी वाकेल अशी शंका असेल तर समोरचा वरचा पाइप ७५ x ५० चा घ्या, पण समोरची मोकळी जागा अडवू नका.

पाइपची सगळी तोंडं वेल्डने बंद करून घ्या. उघड्या तोंडातून खारट ओल आत जाते आणि पाइप आतून गंजतो, बाहेरून काही कळतच नाही. नुसत्या रेडऑक्साइडवर विसंबू नका. इपॉक्सी प्रायमर आणि वर इपॉक्सी पेंटचे दोन हात. पावडर कोटिंग दिसायला छान, पण एका जागी टवका उडाला की त्याखालून गंज पसरत जातो.

झाकायला प्लाय घ्यायचा तर आयएस ७१० छापाचा, बाजारात बीडब्ल्यूपी किंवा मरीन प्लाय म्हणतात तो. सनमायका दोन्ही बाजूंनी, फक्त बाहेरून नाही. कापलेली प्रत्येक कड, पाइपसाठी पाडलेलं प्रत्येक भोक, बिजागरीची खाच, सगळीकडे इपॉक्सी किंवा सिलिकॉन. प्लाय खराब होतो तो कडेतूनच. डब्ल्यूपीसी (लाकूड-प्लास्टिक मिश्र) किंवा पीव्हीसी बोर्ड पाण्याला उत्तम, पण त्यात स्क्रूची पकड कमी, त्यामुळे जड पल्ले लोंबतात.

गोंयकार

मडगावहून. बिजागऱ्यांबद्दल भर घालतो. सॉफ्ट क्लोजच्या नेहमीच्या बिजागऱ्या खाऱ्या टाकीखाली टिकत नाहीत, समुद्राकाठच्या घरात तर नाहीच नाही. एसएस (स्टेनलेस स्टील) ३०४ वर सुद्धा डाग धरतात, ३१६ मिळालं तर घ्या. आम्ही पल्ल्याला बिजागरीच ठेवली नाही. खाली खाच, वर चुंबक. पूर्ण पल्ला उचलून बाजूला ठेवायचा. संपाचं काम करताना दाराचा अडथळा नाही आणि गंजायला काही उरलंच नाही.

मोगरा

आमच्याकडे लहान मूल आहे, त्यामुळे उचलून निघणारा पल्ला चालला नसता. वरच्या बाजूला एक कुलूपपट्टी लावून घेतली. ज्यांच्या घरी रांगतं बाळ किंवा मांजर आहे त्यांनी हे आधीच धरावं.

वऱ्हाडी_माणूस

नागपूरचा अनुभव उन्हाळ्याचा. आमच्याकडे मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की संपावर दोन छोटे पंखे लावले तरी पाणी चांगलं थंड होतं. कूलर चालतो तेच तत्त्व. मुंबई-कोकणात हवाच दमट, तिथे तोच पंखा फारसं काही करत नाही आणि चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) घ्यावा लागतो. पुण्याचा मार्च-एप्रिल आमच्यासारखा, जून मुंबई-कोकणासारखा.

पंखा लावला की बाष्पीभवन वाढतं, पाणी कमी होतं आणि मीठ मागे राहतं, म्हणजे क्षारता चढते. म्हणून गोडं पाणी आपोआप भरणारं एटीओ लागतंच. त्याचा वीस लिटरचा कॅन मावेल एवढी जागा कॅबिनेटमध्ये आत्ताच ठेवा. कॅन मुद्दाम लहानच ठेवा. फ्लोट अडकला तरी जास्तीत जास्त वीस लिटर गोडं पाणी संपात पडेल. थेट आरओच्या लाइनला जोडलेलं एटीओ मला अजिबात मान्य नाही. आणि एटीओच्या नळीचं टोक संपाच्या पाण्यावर राहू द्या, बुडवू नका, नाहीतर सायफन सुरू होतो.

खाडीकाठ

@वऱ्हाडी_माणूस, कॅनच्या मुद्द्याला +१.

@पाणसळ, कँटिलिव्हरचा मुद्दा रास्त आहे, पण भरलेला संप १२०-१२५ किलोचा. भरलेलं वॉशिंग मशीन काय कमी असतं?

पाणसळ

कमी नसतं, म्हणूनच विचारलं. एकट्या संपाने काही होणार नाही. मशीन, पिंप, संप आणि मीठ कालवायचा शंभर लिटरचा ड्रम असे चौघे बाल्कनीच्या बाहेरच्या कडेला एकत्र आले की गणित बदलतं. भिंतीलगत ठेवलं तर बरं.

माझा खरा आक्षेप उतारावर आहे. ड्रेनचा पाइप टाकीतून उतरून भिंतीतून पलीकडे जाणार, तर त्याला सलग उतार हवा. मध्ये कुठेही तो चढला की हवा अडकते आणि पाणी गचके खात येतं. खोलीच्या आणि बाल्कनीच्या फरशीत किती फरक आहे, भोक किती उंचीवर येईल, हे आधी कागदावर काढा.

न्यूजर्सीचा_नाना

इकडे आमचा संप तळघरात आहे, टाकी वर हॉलमध्ये. आवाज शून्य, ओली कामं सगळी खाली. पण किंमत मोजावी लागते. पंपाला दहा फूट पाणी चढवायचं तर खोक्यावर छापलेल्या आकड्याचा अर्धाही प्रवाह वर पोचत नाही. हेडचा आलेख (किती उंचीवर किती पाणी पोचतं तो) बघूनच पंप घ्यावा लागला. शिवाय तळघरात बाष्प कोंडतं, भिंती जिप्समच्या, बुरशी धरते. एक्झॉस्ट आणि डीह्युमिडिफायर दोन्ही चालू असतात.

इकडच्या घरांत फरशीखाली लाकडी जॉइस्ट (तुळया) असतात. टाकी त्यांना आडवी ठेवायची, म्हणजे भार अनेक जॉइस्टवर वाटला जातो. तुमच्याकडे तो प्रश्न नाही.

मोगरा

दहा बाय नऊच्या खोलीत दिवसाला तीन-चार लिटर पाणी हवेत जाणार. पावसाळ्यात खिडकी बंद असताना ते भिंतीवरच बसेल. एक्झॉस्ट फॅन हवाच. पुस्तकं त्या खोलीत ठेवू नका.

कट्टाकरी

आणि पापड-कुरडयाही.

खाडीकाठ

आता संपाचं गणित लिहितो, कारण कॅबिनेटची मापं यावरून निघतात.

वरच्या टाकीत एक इंच पाणी म्हणजे सुमारे साडेअठरा लिटर. वीज गेली की रिटर्न पंप थांबतो, आणि रिटर्नचं तोंड जितकं खोल तितकं पाणी उलटं सायफन होऊन खाली येतं. दोन इंच धरा, ३७ लिटर. पाइपमधलं आणि स्किमरमधलं मिळून आणखी पाच-सहा. म्हणजे ४३ च्या आसपास. तुमच्या संपात एक इंच म्हणजे जवळपास साडेनऊ लिटर. नऊ इंचांवर चालवला तर वर सात इंच उरतात, काठाचा एक इंच सोडून सहा, म्हणजे ५६ लिटर. बसतं. अकरा इंचांवर चालवला तर बसत नाही. चालू असतानाच्या पातळीची रेघ संपावर मारून ठेवा, आणि घरातल्या सगळ्यांना सांगा की या रेघेच्या वर कुणीही भरायचं नाही.

नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर (पाणी उलटं येऊ न देणाऱ्या झडपेवर) भरवसा नको. त्यात शेवाळाचा एक धागा किंवा गोगलगाय अडकली की तो बंदच होत नाही. त्यापेक्षा रिटर्नचं तोंड पृष्ठभागाजवळ ठेवा आणि पाण्याच्या किंचित खाली हवेसाठी छोटं भोक पाडा. ते अधूनमधून साफ करावं लागतं.

याची उलटी बाजूही असते, तिच्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. ड्रेन तुंबला तर पंप रिटर्न कप्प्यातलं सगळं पाणी वर चढवणार. तुमचा रिटर्न कप्पा १२ x १६ इंची आणि पाणी ९ इंच असेल तर ते २८ लिटर, म्हणजे वरच्या टाकीत दीड इंच. तेव्हा ओव्हरफ्लोची दातेरी कड टाकीच्या काठापासून निदान दोन इंच खाली हवी. रिटर्न कप्पा मोठा करायचा मोह टाळा.

शिंपला

@खाडीकाठ, हे वाचून वही-पेन्सिल घेऊन बसले. पूर्ण हिशोब केला, बसतोय. आवाजाचं काय पण? संप खाली ठेवला तर गडगडाट होतो असं ऐकलंय.

गोंयकार

गडगडाट पाण्याबरोबर हवा ओढली गेल्यामुळे होतो. ओव्हरफ्लो बॉक्सला दोन भोकं घ्या. एक ड्रेन पूर्ण सायफनवर (हवा न घेता पाण्याने भरून वाहणारा), त्याला खाली गेट व्हॉल्व्ह. दुसरा कोरडा, थोडा उंच, फक्त आणीबाणीसाठी. याला हर्बी पद्धत म्हणतात. तीन पाइपची बीनॅनिमल पद्धत त्याहून निर्धोक. बॉल व्हॉल्व्ह बारीक जुळवायला येत नाही, गेट व्हॉल्व्हच हवा. सायफनच्या पाइपचं खालचं टोक संपाच्या पाण्यात फक्त इंचभर बुडवा. जास्त बुडवलं तर वीज आल्यावर पाइपमधली हवा बाहेर पडत नाही आणि सायफन पुन्हा धरत नाही. नव्वद अंशी एल्बोऐवजी दोन पंचेचाळीसचे. प्रत्येक जोडाला युनियन (पुन्हा खोलता येणारा सांधा).

विजेरी

पेशाने इलेक्ट्रिशियन. तीन गोष्टी सांगतो, या ऐच्छिक नाहीत. या खोलीला स्वतंत्र एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच). अर्थिंग मीटरने मोजून घ्या, सॉकेटला तिसरं भोक आहे म्हणून अर्थिंग आहे असं समजू नका. आणि संपाच्या कप्प्यात एकही बोर्ड नको. कॅबिनेटला बाजूला बारा-पंधरा इंचांचा वेगळा कोरडा कप्पा करा, मध्ये पूर्ण पार्टिशन, वायरी वरच्या भोकातून, आणि प्रत्येक वायरीला बोर्डाच्या खाली उतरणारा झोल. वायरीवरून ओघळलेला थेंब झोलाच्या तळाशी गळून पडतो.

रिटर्न पंप आणि पाणी फिरवणारा एक पंप इन्व्हर्टरवर घ्या. चिलर आणि हीटर इन्व्हर्टरवर नकोत.

सुतारपक्षी

@विजेरी, बाजूच्या कप्प्याची सूचना उत्तम. तो स्टँडला न जोडता सुटा ठेवा, म्हणजे त्या बाजूनेही संप सरकवून काढता येईल.

उंचीचं सांगतो. स्किमर किती उंच घेणार? बावीस इंची असेल तर कप वर उचलून काढायला आणखी सहा-सात इंच लागतात. म्हणजे आत निव्वळ मोकळी उंची तीस इंच हवी. फ्रेम आणि तळाचा प्लाय धरून स्टँड ३६ इंच. त्यावर दोन फुटी टाकी म्हणजे वरचा काठ पाच फुटांवर. तळाशी हात पोचायला स्टूल लागेल, आणि छतापर्यंतची जागा दिव्यांसाठी तपासून घ्या. आधी स्किमर विकत घ्या, मग स्टँडची ऑर्डर द्या. उलट क्रमाने जाणारे गिऱ्हाईक मला नेहमी भेटतात आणि मग स्किमरचा कप तिरका करून सगळी घाण संपात सांडतात.

टाकीखाली दहा मिमी थर्माकोल किंवा फोम. फरशीला उतार असतोच, तो फोमने भरून निघत नाही. स्टँडच्या पायांना लेव्हलिंग प्लेट देऊन पाणसळीने चारही बाजू जुळवा. (आयडी पाणसळ यांनी नाही, खऱ्या पाणसळीने.)

पाणसळ

बोलावलंत तर मीही येईन.

फरशीचं राहिलंच. स्टँडच्या पायांखाली पोकळ टाइल असेल तर ती तडकते. नाण्याने टकटक करून बघा, पोकळ आवाज आला तर ती टाइल काढून पक्की बसवा. चार पायांऐवजी खाली सलग चौकट असलेलं स्टँड चांगलं.

अभ्यासू_कासव

अवांतर, पण नवीन लोक वाचताहेत म्हणून : शिंपलाताईंनी प्रवाळ नाही म्हटलंय ते योग्यच. दगडी प्रवाळाच्या सगळ्या जाती वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. दुकानदार "सगळे ठेवतात" म्हणाला तरी घेऊ नये. क्लाउनफिश घ्यायचे तर पैदास केलेले मागा. सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने) त्यांच्या पैदाशीचं तंत्र आपल्याकडे विकसित केलंय, समुद्रातून पकडलेले घेण्याची गरज नाही.

खाडीकाठ

+१. पैदाशीचे मासे टाकीत रुळतातही लवकर.

शिंपला

इंजिनिअर येऊन गेले. बीम खोलीच्या आतल्या भिंतीखाली निघाला, म्हणजे बाल्कनीच्या बरोबर समोरच्या बाजूला. टाकी तिथेच ठेवा म्हणाले. आता बाल्कनीत संप न्यायचा तर पाइप दहा फूट खोलीभर फिरवावे लागतील, उतार राखत. शिवाय बाल्कनीला दुपारी पश्चिमेचं ऊन येतं.

पाणसळ

मग प्रश्नच मिटला. संप खाली.

खाडीकाठ

मान्य. माझ्याकडे टाकी आणि बाल्कनी एकाच भिंतीच्या दोन बाजूंना आहेत म्हणून जमलं. दहा फूट आडवा ड्रेन मी कुणाला सुचवणार नाही. पण बाल्कनी पूर्ण सोडू नका. मीठ कालवायचा ड्रम भिंतीलगत तिथे ठेवा. चिलरही तिथेच, वर छोटी छपरी करून. खोलीत किंवा कॅबिनेटमध्ये ठेवलेला चिलर पाण्यातली उष्णता काढून त्याच खोलीत सोडतो आणि स्वतःशीच भांडत बसतो. चिलरच्या नळ्यांना उताराची अट नाही, पाणी पंपाने ढकललं जातं. भिंतीतून दोन बारीक भोकं पुरतात, स्कर्टिंगलगत नळ्या नेता येतात. लांबी जास्त आहे, तेव्हा नळ्यांवर इन्सुलेशन चढवा आणि चिलरला वेगळा छोटा पंप द्या.

शिंपला

हे फारच छान जमतंय. म्हणजे आता असं : स्टँड ३६ इंची, मधला खांब नाही, संप खाली, उजवीकडे सुटा विजेचा कप्पा, डावीकडे एटीओचा कॅन, बाल्कनीत चिलर आणि ड्रम. पल्ले गोंयकारांसारखे उचलून काढायचे. सुताराला मरीन प्लाय सांगितला, तो तयार आहे. काही राहिलंय का?

मोगरा

संपाखाली ट्रे. दोन इंची काठाचा, पीव्हीसी शीट चिकटवून कुणीही करून देतं. सगळं पाणी त्यात मावणार नाही, पण खालच्या मजल्यावर ठिबकायच्या आत तुम्हाला कळेल. पाण्याची चाहूल लागली की वाजणारा छोटा अलार्म त्यात टाकून ठेवा.

सुतारपक्षी

ट्रेचा काठ धरून मोकळी उंची पुन्हा मोजा. तीस इंचातले दोन त्याने खाल्ले.

शिंपला

अरे हो! मग स्टँड ३८ करू का?

सुतारपक्षी

३८ केलंत तर टाकीच्या तळाशी हात अजिबात पोचणार नाही. ट्रेला समोरच्या बाजूने अर्धा इंची काठ द्या आणि संप ट्रेमध्ये बसवा. संपाखाली फक्त शीटची जाडी आणि फोम जातो, पूर्ण दोन इंच नाही. पण समोरच्या काठावरून संप उचलून बाहेर काढता येतोय ना, तेवढं बघा.

गोंयकार

एक विनंती. पल्ले आणि बाजूच्या प्लाय लावायच्या आधी नुसत्या स्टँडवर सगळं साध्या पाण्याने चालवा. मुख्य स्विच बंद करून संप किती चढतो ते बघा. मग ड्रेनच्या तोंडावर हात ठेवून टाकी किती चढते ते बघा. दोन्ही वेळा एक थेंबही बाहेर आला नाही तरच सुताराला पुढचं काम सांगा.

शिंपला

नक्की. फॅब्रिकेटरला मधल्या खांबाचं कागदावर लिहून दिलंय, सही घेतलीय. स्किमर आला की उंची मोजून इथेच कळवते.